पानावरची गाठ आणि भाषेतील नाव



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे नाव आपल्या निमंत्रणपत्रिकेवर आहेच. आम्ही मात्र त्यांना केवळ ‘गुरुजी’ म्हणत होतो आणि आज या व्यासपीठावरूनही मी त्यांना तसेच संबोधणार आहे. गुरुजी विज्ञान शिकवीत. मी आयुष्यभर मराठी शिकवली. त्यामुळे मराठीचा हा निवृत्त प्राध्यापक संतसाहित्यावर किंवा बोलीभाषेवर बोलेल, अशी आपली अपेक्षा असणार. मी आज बोलणार आहे ते मात्र झाडाच्या अंगावर गाठ आणणाऱ्या, डासाहूनही लहान अशा माशांविषयी. विषयांतर झाले असे कृपया समजू नका. भाषेचा पहिला खरा धडा मला अशाच एका माशीच्या निमित्ताने गुरुजींनी दिला. तो धडा मी वेळेवर गिरवला नाही, ही कबुलीही आज द्यावयाची आहे.

आपल्या सौंसरचे नाव जगातील भूशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. छिंदवाडा, नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यातील मँगनीजधारक प्राचीन खडकांच्या समूहाला भूशास्त्रात ‘सौंसर’ हेच नाव आहे. आपल्या गावाने दगडांना नाव दिले, याचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही. परंतु त्याच दगडांवरच्या मातीत उगवणाऱ्या पिकावर जे बसते, त्याला आपण नाव दिले काय, असा प्रश्न गुरुजींनी एकदा वर्गात विचारला होता. त्या प्रश्नामागे एक घटना होती.

ती घटना १९६७ सालच्या खरिपातील. आमचे वडील आणि काका यांची वावरे एकाच धुऱ्याच्या दोन अंगांना होती. आजोबांच्या मागे वाटणी झाली, पण विहीर एक, बैलजोडी आळीपाळीने, आणि धुऱ्यावरच्या आंब्याखाली दोघांची न्याहारीही एकत्रच होत असे. त्या वर्षी काकांनी नवीन संकरित ज्वारी पेरली. संकरित ज्वारीचा ‘सीएसएच-१’ हा पहिला वाण देशात १९६४ मध्ये प्रसारित झाला होता आणि त्याची चर्चा आमच्या भागापर्यंत पोचली होती. वडिलांनी मात्र नेहमीची गावरान ज्वारीच पेरली. काकांची ज्वारी बुटकी, लवकर निसवणारी. वडिलांची उंच, उशिरा फुलणारी. काकांच्या ज्वारीचे दाणे भरत आले, तेव्हा वडिलांच्या वावरात कुठे फुलोरा दिसू लागला होता. पुढे काकांकडे खळे भरले. वडिलांची कणसे मात्र दिसायला ताठ, पण हाताने चोळली तर नुसते तूस. दहांतील सहा-सात कणसे पोचट निघाली.

वडील म्हणाले, “त्याच्या नव्या बियाण्याचा वारा माझ्या वावराला लागला.” काका म्हणाले, “दादा, पिकलं नाही त्याचा राग माझ्यावर कशाला?” शब्दाने शब्द वाढला. आधी न्याहारी वेगळी झाली, मग विहिरीच्या पाळीवरून कटकट झाली आणि पोळ्याच्या दिवशी एका गोठ्यातून निघणारे बैल पुढच्या वर्षी दोन दारांतून निघाले.

मी तेव्हा या शाळेत शिकत होतो. गुरुजींनी आम्हांला प्रत्येकाच्या वावरातून ‘बिघडलेली’ एक वस्तू आणावयास सांगितली होती. कुणी कापसाचे किडके बोंड आणले, कुणी संत्र्याचे वाकडे पान. मी ज्वारीचे पोचट कणीस नेले. गुरुजींनी एक तूस चिमटीत दाबले, तर त्यातून लालसर रस आला. ते काही बोलले नाहीत. कंदिलाची एक काच घेऊन तिच्यात ते कणीस उभे ठेवले, दोन्ही तोंडे मलमलीच्या फडक्याने बांधली आणि काच खिडकीत ठेवली. काही दिवसांनी सकाळच्या तासाला आम्ही पाहतो तो काचेच्या आतल्या बाजूस नारिंगी अंगाच्या, पारदर्शक पंखांच्या चिमुकल्या माशा बसलेल्या. तुसांच्या टोकांशी पांढऱ्या, रिकाम्या कोषांची टरफले अडकली होती. पुढे नागपूरला गेले असता गुरुजींनी ते कणीस कृषी महाविद्यालयात दाखवून आणले आणि वर्गात येऊन सांगितले, “ही ज्वारीवरची मिजमाशी. वारा नव्हे, दृष्ट नव्हे, बियाण्याचा दोषही नव्हे.” मग थोडे थांबून म्हणाले, “आपल्या गावात हिला नाव नाही. नाव नाही, म्हणून ती कुणाला दिसत नाही. आणि दिसत नाही, म्हणून माणसे एकमेकांना दोष देतात.”

या माशीचे कुळ फार मोठे आहे. शास्त्रज्ञ त्याला सेसिडोमायिडी म्हणतात. आजवर या कुळातील सहा हजारांहून अधिक जातींचे वर्णन झालेले आहे. २०१६ साली कॅनडातील अभ्यासकांनी कीटकांच्या जनुकीय खुणांवरून जो हिशेब मांडला, त्यानुसार जगात या एकाच कुळाच्या अठरा लाखांपर्यंत जाती असू शकतील. अंदाज कमीअधिक ठरो. ज्यांना नाव मिळाले त्यांच्यापेक्षा न मिळालेल्यांची संख्या कितीतरी पट आहे, एवढे त्यावरून निश्चित कळते. बहुतेक माशा एक ते तीन मिलिमीटर लांबीच्या. पंख फुटल्यानंतरचे आयुष्य एक-दोन दिवसांचे, फार तर थोडे अधिक. तेवढ्यात जोडीदार शोधावयाचा, योग्य झाड शोधावयाचे आणि अंडी घालावयाची. सगळ्याच जाती गाठी करीत नाहीत. काही बुरशीवर जगतात, काही मावा खाऊन शेतकऱ्याला मदतही करतात. ज्वारीची मिजमाशी काटेकोर अर्थाने गाठ करीत नाही. तिची अळी तुसाच्या आत, भरू पाहणाऱ्या दाण्याचा रस शोषते आणि दाणा धरतच नाही. तिच्या भाऊबंदांचे वैशिष्ट्य मात्र गाठ हेच आहे.

गाठ म्हणजे झाडाला झालेली जखम, अशी आपली समजूत असते. वस्तुतः गाठ झाड स्वतः बांधते. पण बांधते ती दुसऱ्याच्या सांगण्यावरून. माशी कोवळ्या पानात, कळीत किंवा कोंबात अंडे घालते. अळी तेथे रस शोषू लागते, तिच्या लाळेतील द्रव्यांमुळे झाडाच्या पेशी वाढू लागतात, त्यांची संख्या वाढते आणि अळीभोवती एक खोली तयार होते. आतल्या भिंतीला पोषक पेशींचा थर, बाहेरून कठीण कवच. घर झाडाचे, साहित्य झाडाचे, मजुरी झाडाची. आराखडा तेवढा पाहुण्याचा. म्हणूनच एकाच आंब्याच्या पानावर दोन निरनिराळ्या जातींच्या गाठी दोन निरनिराळ्या आकाराच्या असतात, आणि जाणकार मनुष्य माशी न पाहता केवळ गाठीवरून तिची जात ओळखतो.

विद्यार्थी मित्रहो, हे पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. आंब्याच्या पानांवर मोहरीएवढे फोड दिसतात, ते बहुधा याच कुळातील प्रोकॉन्टॅरिनिया या माशांचे. परंतु करंजाची पाने बारीक पिशव्यांनी भरलेली असतात, ते काम माशीचे नव्हे, डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळी वर्गातील प्राण्याचे. सातवीण, जांभूळ आणि अर्जुन यांच्या पानांवरच्या गाठी उड्या मारणाऱ्या, रस शोषणाऱ्या सूक्ष्म किडींच्या. गाठ सारखी दिसली तरी करणारा सारखा नसतो. भारतातील या गाठींचा आयुष्यभर अभ्यास करणारे प्राध्यापक एम. एस. मणी यांचा ‘इकॉलॉजी ऑफ प्लांट गॉल्स’ हा ग्रंथ १९६४ मध्ये हेग येथून प्रसिद्ध झाला. युरोपात १६७९ साली मार्चेल्लो माल्पीघी या इटालियन शास्त्रज्ञाने प्रथम गाठी चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि त्यांतील किडा गाठीतून ‘उत्पन्न’ होत नाही, तर बाहेरून आलेल्या कीटकाच्या अंड्यातून निघतो, हे दाखविले.

आता मी आपल्याला थोडा वेळ फार दूर, भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटावर नेणार आहे. नाव आणि वस्तू यांचे नाते या माशांच्या संदर्भात तेथे जितके स्पष्ट झाले, तितके क्वचितच अन्यत्र झाले असेल.

सायप्रसमध्ये करोब नावाचा वृक्ष आहे. चिंचेप्रमाणेच तो शेंगा धरणाऱ्या कुळातला. गडद तपकिरी, गोड गराच्या शेंगा येतात. त्यांच्या व्यापारावर बेट जगले, म्हणून तेथे त्यांना ‘काळे सोने’ म्हणत. आपण जशी गुंजेने सोने तोलले, तसे त्या भागात करोबच्या बियांनी तोलले जाई, आणि सोनाराकडचा ‘कॅरट’ हा शब्द तेथूनच ग्रीक आणि अरबी वाटेने जगभर गेला. या शेंगा कोवळ्या असतानाच आखूड, फुगीर होऊन खुंटतात, अशी तेथील शेतकऱ्यांची तक्रार होती. १९०४ साली पॉल मार्शल या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने त्या खुंटलेल्या शेंगांतील माशीचे वर्णन केले आणि बेटावरील शेतीखात्याचे प्रमुख गेनाडियस यांच्या नावावरून तिचे नामकरण झाले. आज ती ॲसफोंडिलिया गेनाडी या नावाने ओळखली जाते.

या ॲसफोंडिलिया माशांची रीत विलक्षण आहे. मादी अंडे घालताना त्यासोबत बुरशीचे बीजकणही आत ठेवते. गाठीच्या आतील भिंतीवर बुरशीचे पांढरे अस्तर उगवते आणि अळीच्या पोषणात त्याचा वाटा असतो. लेकीला सासरी धाडताना आई शिदोरी बांधून देते, तशी ही शिदोरी.

परंतु मुख्य कोडे निराळेच होते. करोबच्या कोवळ्या शेंगा वर्षाचे बाराही महिने नसतात. माशीचे आयुष्य तर काही दिवसांचे. मग उरलेल्या महिन्यांत ती असते कोठे? त्याच बेटावर ढोबळ्या मिरचीत एक माशी सापडली होती, तिला वेगळे नाव होते. कॅपरच्या झुडपाच्या कळ्यांत एक होती, तिलाही वेगळे नाव. कॅपर म्हणजे आपल्या वाघाटीची जवळची नातलग. आषाढीच्या पारण्याला जिची भाजी करतात तीच वाघाटी. समुद्रकाठच्या रानकांद्यातही अशीच माशी होती. ऑर्फनिडिस या सायप्रसमधील अभ्यासकाने या माशा पाळून पाहिल्या, एका झाडावरची दुसऱ्या झाडावर सोडून पाहिली आणि १९७५ साली प्रसिद्ध केले की, करोबची माशी ऋतूमागून ऋतू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जात वर्ष पुरे करते. ज्यांना वेगवेगळी नावे दिली गेली होती, त्यांतील काही एकच होत्या.

भाषेच्या अभ्यासकाला हे ओळखीचे वाटेल. वस्तू एक, नावे अनेक. आपण त्यांना समानार्थी शब्द म्हणतो. वाङ्मयात त्याने शोभा येते. शेतात मात्र घोटाळा होतो. करोबचा मालक आपल्या झाडाकडे पाहत राहतो आणि माशी तोवर शेजाऱ्याच्या मिरचीत किंवा धुऱ्यावरच्या झुडपात दिवस काढीत असते.

याच्या नेमके उलट उदाहरण आपल्या पूर्वेला, भंडारा, गोंदिया, गडचिरोली, बालाघाट या भातपट्ट्यात आहे. तेथील शेतकरी गादमाशी चांगली ओळखतो. छत्तीसगढकडे तिलाच गंगई म्हणतात. वुड-मेसन यांनी १८८९ मध्ये तिला शास्त्रीय नाव दिले. तिची अळी भाताच्या रोपाच्या पानांच्या आवरणांमधून खाली वाढीच्या कोंबापाशी पोचते आणि रोप लोंबी धरण्याऐवजी कांद्याच्या पातीसारखी एक पोकळ, चंदेरी नळी वर काढते. शेतकरी तिला चंदेरी पोंगा म्हणतो. ज्या फुटव्याला पोंगा आला, त्याला लोंबी येणार नाही. कोष नळीच्या टोकाशी येऊन भोक पाडतो, माशी उडून जाते आणि रिकामे टरफल तेथेच लोंबत राहते.

धुऱ्यावरच्या काही गवतांवरही तशाच नळ्या दिसतात, म्हणून भाताची गादमाशी गवतांवर राहते, असे दीर्घकाळ मानले जात होते. बारकाईने पाहता, त्यांतील कितीतरी माशा जवळच्या पण निराळ्या जातींच्या निघाल्या. येथे नाव एक आणि वस्तू अनेक. एवढेच नव्हे, तर भाताच्या गादमाशीचेही भारतात सात जैवप्रकार नोंदले गेले आहेत. दिसायला सारख्याच, पण जो भाताचा वाण एका प्रकाराला दाद देत नाही, तो दुसऱ्याला बळी पडतो. एका जिल्ह्यात टिकलेला वाण दुसऱ्या जिल्ह्यात का कोसळतो, याचे उत्तर त्यात आहे. निसर्गाने तोडही दिलेली आहे. प्लॅटिगॅस्टर ओरायझी नावाची एक सूक्ष्म गांधीलमाशी गादमाशीला शोधून तिच्यात आपले अंडे घालते; त्या एका अंड्यातून अनेक अळ्या तयार होतात आणि गादमाशीची अळी आतून संपते. ज्याने सरसकट विष फवारले, त्याने हा रखवालदारही मारला.

आमच्या भागात भात थोडा, पण संक्रांतीचा तीळ घरोघरी. तिळाच्या कळीतही ॲसफोंडिलिया कुळातीलच एक माशी गाठ करते. कळी फुगते, फूल उमलत नाही, बोंड धरत नाही. सायप्रसच्या करोबची आणि आपल्या तिळाची माशी अशी एकमेकींची नातलग आहे.

आता माझ्या स्वतःच्या एका चुकीबद्दल. तरुणपणी मी या परिसरातील घरगुती शब्दांचा संग्रह करीत होतो. बाळगुटीच्या शब्दांत मी लिहिले: ‘मायफळ: एक औषधी फळ.’ पुढे नातवासाठी सहाणेवर त्याचेच वेढे उगाळताना माझ्या लक्षात आले की, या फळाला देठ नाही, बी नाही, एका बाजूस मात्र सुईने पाडावे तसे गोल भोक आहे. गुरुजी असते तर त्यांनी विचारले असते, “फळाला दार कशासाठी?” चौकशी केली तेव्हा कळले की, मायफळ हे फळच नव्हे. तुर्कस्तान, सीरिया, ग्रीस आणि सायप्रससारखी बेटे या प्रदेशांतील एका ओक वृक्षाच्या डहाळीवर सूक्ष्म गांधीलमाशी जी गाठ करविते, ती वाळली की मायफळ. कीटक बाहेर पडण्यापूर्वी तोडलेली गाठ गडद आणि जड असते. बाहेर पडल्यावरची फिकट, हलकी आणि भोक असलेली. तिच्यातील तुरट द्रव्य हिराकसाशी मिसळले की काळी शाई होते. युरोपातील शेकडो वर्षांची हस्तलिखिते या शाईने लिहिली गेली. गुटीतील काकडशिंगी हीदेखील शेंग किंवा शिंग नसून, हिमालयाच्या पश्चिम भागातील एका वृक्षावर माव्याने घडवलेली गाठ आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बाळांना चाटवल्या त्या दोन गाठी, आणि मी, भाषेचा पदवीधर, त्यांतील एकीला फळ म्हणून मोकळा झालो.

मी येथे आजींना दोष देत नाही. त्यांचा हेतू वस्तू ओळखून योग्य वेढे देण्याचा होता आणि त्यासाठी ते नाव पुरेसे होते. दोष माझा. जुने नाव जपणे हे अभ्यासकाचे अर्धेच काम. ते वस्तूशी ताडून पाहणे हे उरलेले अर्धे. ‘उंबराचे फूल’ हा वाक्प्रचार आपण दुर्मीळ गोष्टीसाठी वापरतो. वस्तुतः उंबर फोडला की आत शेकडो फुले असतात. ज्या किड्यांना पाहून आपण उंबर टाकून देतो, त्यांच्याच पूर्वजांनी आत शिरून ती फुले फळवलेली असतात, आणि त्यांतील काही फुलांची गाठ होऊन तिच्यातच त्यांची पिल्ले वाढतात. वाक्प्रचार सुंदर आहे, तो राहावा. पण तो वापरणाऱ्याने एकदा तरी उंबर फोडून पाहावा.

आता पुन्हा १९६७ कडे वळतो. मिजमाशीची मादी एखादा दिवसच जगते, परंतु तेवढ्यात फुलोऱ्यातील तुसांत पाऊणशेच्या आसपास अंडी घालते. अंड्यापासून माशी होण्यास साधारण दोन आठवडे. म्हणजे जेथे ज्वारी आधी फुलली, तेथे पहिली पिढी वाढते. ती संख्येने थोडी असल्यामुळे त्या वावराचे फारसे बिघडत नाही. दोन-तीन पिढ्यांनंतर मात्र तिची संख्या प्रचंड होते आणि शेजारी जे वावर उशिरा फुलोऱ्यावर येते, त्याच्यावर ती तुटून पडते. संकरित वाण आल्यानंतर गावात काही ज्वारी लवकर आणि काही उशिरा फुलू लागली, माशीला लागोपाठ फुलोरा मिळत गेला, आणि ही कीड अनेक भागांत बळावली. काही अळ्या तुसातच सुप्त राहतात आणि खळ्यावरच्या कुटारातून पुढच्या हंगामात, कधी त्याहूनही पुढे, बाहेर पडतात. धुऱ्यावरचे बरू गवतही तिला आसरा देते.

म्हणजे वडिलांचा संशय निम्मा खरा होता. जे आले ते काकांच्या वावराकडूनच आले होते. परंतु ते बियाण्याच्या वाऱ्याने आले नव्हते आणि काकांनी धाडलेही नव्हते. काका म्हणत होते की माझा संबंध नाही. तेही निम्मेच खरे होते. दोन भावांजवळ सत्याचे एकेक शकल होते आणि ती दोन शकले जोडणारा शब्द कुणाजवळच नव्हता.

गुरुजींजवळ तो होता. त्यांनी मला बोलावून सांगितले, “घरी दोघांनाही सांग. पुढच्या वर्षी दोघांनी एकाच वेळी फुलणारी ज्वारी पेरावी, पावसाच्या पहिल्या वाफशावर, एकाच आठवड्यात. शेजाऱ्यांनाही सांगावे. सगळ्यांची ज्वारी एकदम फुलली, तर माशी वाटली जाते आणि कुणाचेच फार जात नाही. खळ्यावरचे कुटार इकडे तिकडे पडू देऊ नका.” ती कंदिलाची काचही त्यांनी माझ्या हाती दिली.

मी ती वडिलांना दाखवली. वडिलांनी काच उजेडात धरली आणि म्हणाले, “एवढीशी माशी वावर खाते होय?” मी गप्प बसलो. काकांच्या दारात मात्र मी गेलोच नाही. वडील रागावतील, या भीतीने गुरुजींचा निरोप मी पोचवला नाही. उपाय अगदी साधा होता, त्याला पैसा लागत नव्हता. फक्त दोन भावांनी एका धुऱ्यावर उभे राहून पेरणीचा दिवस ठरवणे आवश्यक होते. तेवढेच आमच्या घरात अशक्य होऊन बसले होते आणि जो ते शक्य करू शकला असता, तो मुलगा काच कोनाड्यात ठेवून अभ्यासाला बसला. पुढे लग्नकार्यात दोघे समोरासमोर आले, तोंडदेखले बोलले. विहीर मात्र शेवटपर्यंत दोन पाळ्यांची राहिली. आज दोघेही नाहीत. गुरुजींनी त्या निरोपाविषयी मला पुन्हा कधी विचारले नाही. त्यांनी विचारले असते तर बरे झाले असते, असे या वयात वाटते.

म्हणून, मित्रहो, नावाचा प्रश्न हा केवळ शब्दकोशाचा प्रश्न नाही. ‘मिजमाशी’ हा शब्द अर्धा इंग्रजी, अर्धा मराठी आहे. शुद्धिवादी त्याला नाके मुरडतील. माझी त्याला हरकत नाही. तो शेतकऱ्याच्या तोंडी बसला आणि त्यामुळे माशी दिसू लागली, तर त्याने आपले काम केले. ‘गादमाशी’, ‘चंदेरी पोंगा’ हे शब्द तर अस्सल आहेत; ते घडवणारी माणसे चिखलात उभी राहून पाहत होती. आपला परिसर १९५६ नंतर मध्य प्रदेशात राहिला आणि २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात आला. परंतु घरात, वावरात आणि बाजारात आपण मराठी आणि हिंदी दोन्ही बोलतो. त्यामुळे एका किडीला आपल्याकडे दोन-दोन नावे असतात आणि कित्येक किडींना एकही नसते. ज्वारीची वावरे आता कमी झाली. कापूस, मका, संत्रा यांनी जागा घेतली. पीक बदलले की पाहुणेही बदलतात. नव्या पाहुण्यांची नावे कोण ठेवणार?

हे काम शाळा करू शकते. आजच्या विद्यार्थ्यांनी एका वर्षात आपल्या वावरातील, धुऱ्यावरील आणि अंगणातील झाडांवरच्या गाठी गोळा कराव्यात. झाडाचे नाव, महिना, गाठ पानावर की कळीत की कोंबात, हे लिहावे. एक काच, एक फडके पुरे. बाहेर काय पडते ते पाहावे. घरातील वडीलधाऱ्या माणसांना त्या गाठीला काय म्हणतात, ते विचारावे आणि ते जसेच्या तसे लिहून ठेवावे, मराठी असो, हिंदी असो की गोंडी. नाव नसेल तर ‘नाव नाही’ असे प्रामाणिकपणे लिहावे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे शेतीशास्त्रात आहेत, त्यांनी त्या वह्या तपासाव्यात. आणि एक विनंती विशेष. जे कळले, ते धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना सांगा. ज्ञान एकाच घरात राहिले, तर माशी दुसऱ्या घरात वाढते.

गुरुजींचे ऋण फेडण्याची माझी पात्रता नाही. त्यांचा एक निरोप माझ्याजवळ बरीच वर्षे अडकून पडला होता. तो आज, उशिरा का होईना, या सभेसमोर ठेवला.